आडवा पोहणारा गॅमरस आणि रफूची लोकर

रविवारी सकाळी बाजारातून चिंबोऱ्या आल्या, की आपण आधी त्या बघायला धावतो. हिरवट-काळपट, मधूनच निळसर झाक मारणाऱ्या, नांग्या उगारून बसलेल्या चिंबोऱ्या! (गोव्यात असाल तर कुर्ल्या.) मग त्या टोपात जातात, पाण्याला आधण येतं, थोड्या वेळाने आई झाकण काढते आणि आत बघावं तर सगळ्या लालकेशरी! अजून तिखट पडलेलं नाही, हळद नाही, मसाला तर पाट्यावरच आहे. मग हा रंग आला कुठून?

घरी मासे शिजत नसतील तर वर्गातल्या एखाद्या मासेखाऊ मैत्रिणीला विचारा. ती सांगेल, कोळंबीचंही असंच होतं.

तो रंग बाहेरून आलाच नाही. तो पहिल्यापासून कवचातच होता. त्याचं नाव अस्टाझँथिन. गाजराला केशरी करणारे रंग ज्या कुटुंबातले, त्याच कुटुंबातला हा एक. पण जिवंत चिंबोरीच्या कवचात एक प्रथिन या रंगाला घट्ट मुठीत धरून बसलेलं असतं. मुठीत असताना तो निळसर-हिरवट दिसतो. पाणी तापलं की प्रथिन विस्कटतं, मूठ सुटते आणि रंग आपल्या खऱ्या रूपात बाहेर येतो.

हे लक्षात ठेवा बरं का. कारण आता आपण चिंबोरीच्या एका चिमुकल्या चुलतभावाला भेटायला इंग्लंडला जाणार आहोत, आणि हा लाल रंग तिथे आपल्याला तीनदा भेटणार आहे.

इंग्लंडच्या दक्षिण भागात हॅम्पशर आणि विल्टशर नावाचे परगणे आहेत. तिथे टेस्ट, इचेन, एव्हन, केनेट अशा नद्या वाहतात. (टेस्ट नदीचा क्रिकेटशी काही संबंध नाही, मलाही आधी तसंच वाटलं होतं!) या खडूच्या नद्या. हो, खडूच्याच! तिथल्या टेकड्या पांढऱ्या, मऊ खडूच्या दगडाच्या आहेत. पावसाचं पाणी टेकडीवरून धो धो वाहत सुटत नाही. ते खडूत मुरतं, आतल्या आत गाळलं जातं आणि पायथ्याशी झऱ्यातून बाहेर येतं. उन्हाळा असो की हिवाळा, झऱ्याचं पाणी साधारण 10 अंश सेल्सियस. आणि नितळ इतकं, की पुलावर उभं राहिलं तर तळाचा खडा न् खडा मोजावा.

हा खडू आला कुठून? सात ते दहा कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवर डायनोसॉर फिरत होते तेव्हा, हा सगळा भाग समुद्राखाली होता. त्या समुद्रात नुसत्या डोळ्यांना दिसणारच नाही इतकं बारीक शैवाल तरंगायचं. त्याच्या प्रत्येक पेशीवर चुन्याच्या इवल्या इवल्या चकत्या. शैवाल मरायचं, चकत्या तळाशी जाऊन बसायच्या. ही पांढरी भुरभुर कोट्यवधी वर्षं चालली. एकावर एक थर साचले, दाबले गेले आणि त्यांचा दगड झाला. झऱ्याचं पाणी या दगडातून येताना त्यातला थोडा चुना विरघळवून सोबत आणतं.

आणि नदीत कोणीतरी या चुन्याची वाटच बघत असतं. तोच आपला गॅमरस.

खडूच्या नदीतला एखादा दगड उचलला किंवा पाणवनस्पतीची जुडी हलवली, की चार-पाच गॅमरस तुरुतुरु निसटतात. लांबी फार तर दोन सेंटिमीटर. रंग राखाडी-मातकट. आकार वाकलेल्या सुक्या जवळ्यासारखा, पण दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा. दोन पुस्तकांच्या मध्ये ठेवून कुणीतरी चेपलाय असं वाटावं! इतका चपटा प्राणी उभा कसा राहणार? म्हणून तो कुशीवर आडवा होऊनच सरपटतो आणि पुष्कळदा तसाच पोहतो. याच्या पायांचीही गंमत आहे. काही पाय पुढे वळलेले, काही मागे. त्यामुळे याच्या गटाला ‘दोन्ही तऱ्हांच्या पायांचे’ अशा अर्थाचं ग्रीक नाव मिळालंय, ॲम्फिपोड.

इंग्रज लोक त्याला गोड्या पाण्यातली कोळंबीच म्हणतात. खरी कोळंबी तो नव्हे. पण खेकडा, कोळंबी, जवळा आणि गॅमरस हे सगळे कवचधारी प्राण्यांच्या एकाच मोठ्या घराण्यातले. या घराण्यात एक अडचण सगळ्यांनाच असते: कवच वाढत नाही. तुमचा शाळेचा गणवेश तोकडा झाला की नवा शिवतात ना? तसं गॅमरसला अंग वाढलं की जुनं कवच टाकून नवं करावं लागतं. नव्या कवचाला चुना लागतो आणि खडूच्या पाण्यात चुन्याला तोटा नाही. म्हणजे बघा, डायनोसॉरच्या काळात शैवालाच्या अंगावर असलेला चुना आज गॅमरसच्या पाठीवर आहे! मला तर हे वाचल्यावर कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

चुना आहे, गारवा आहे आणि खायला काठावरच्या झाडांची गळलेली पानं आहेत. ताजं पान गॅमरसला फारसं रुचत नाही. पाण्यात पडून त्यावर बुरशी चढली, पान मऊ झालं, की मगच तो ते आवडीने कुरतडतो. आपण नाही का इडलीचं पीठ आंबवून घेत, तसंच! मादीच्या पोटाखाली कांगारूसारखी पिशवी असते. अंडी त्यात राहतात, आणि त्यांतून बाहेर येणारी पिल्लं म्हणजे आईबाबांचीच छोटी छोटी प्रत. चांगल्या नदीत एका चौरस मीटरमध्ये हजारो गॅमरस सापडतात. चौरस मीटर म्हणजे केवढं? कॅरमबोर्डापेक्षा थोडंसंच मोठं.

एवढं ताट वाढून ठेवलेलं असताना पाहुणा आल्याशिवाय कसा राहील? हा पाहुणा म्हणजे ट्राउट मासा. सोनेरी-तपकिरी अंग, त्यावर काळे ठिपके आणि मधूनमधून लाल ठिपके. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी तरंगत राहतो आणि वाहत येणारं खाणं टिपतो. पण गॅमरसची हुक्की आली की तो स्वतः पाणवनस्पतींत घुसतो. डोकं खाली, तोंड हिरव्या गुंत्यात. पाणी उथळ असलं तर शेपूट थेट पाण्याबाहेर! काठावरच्या माणसाला नदीतून हलणारी नुसती शेपटी दिसते.

आता आपला लाल रंग पहिल्यांदा भेटतो. गॅमरस खाणाऱ्या ट्राउटचं मांस गुलाबी-केशरी होतं. ट्राउटला हा रंग स्वतः बनवता येत नाही, तो खाण्यातूनच मिळवावा लागतो. ज्या ओढ्यात कवचधारी प्राणी फारसे नाहीत, तिथल्या ट्राउटचं मांस पांढुरकं असतं. ठाण्याच्या खाडीत येणारे रोहित पक्षीही याच कारणाने गुलाबी असतात. त्यांना तो रंग शैवालातून आणि त्यावर जगणाऱ्या बारीक जिवांतून मिळतो. मत्स्यशेतीत वाढवलेल्या ट्राउटच्या खाद्यात तर हा रंग मुद्दाम मिसळतात, नाहीतर गिऱ्हाईक तो घेत नाही.

या नद्यांवर गळ टाकणारे लोक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फार कडक नियम पाळायचे. गळाला गांडूळ लावायचं नाही. गळावर पिसं, केस, दोरा गुंडाळून नकली किडा बनवायचा. तोही पाण्यावर तरंगणारा, आणि पाण्यावरचा किडा खायला वर आलेल्या माशापुढेच टाकायचा. या पद्धतीला फ्लाय फिशिंग म्हणतात. पण मासा पाण्याखाली काय खातो याचं काय?

जी. ई. एम. स्क्यूज नावाचे एक वकील होते. लंडनमध्ये काम करायचे आणि सुट्टीत इचेन नदीवर जायचे. पकडलेल्या ट्राउटच्या पोटात काय आहे ते बघायला ते एक लांब, अरुंद चमचा वापरत. तो मुळात हाडातली मज्जा काढून खाण्यासाठी बनवलेला! चमच्याने काढलेलं सगळं ते पांढऱ्या ताटलीत पाणी घालून ढवळत. पाण्यात एकेक किडा सुटा व्हायचा. ‘पोटात हे आहे, तर आपण तरंगणारेच किडे का टाकायचे?’ हा त्यांचा साधा प्रश्न. 1910 मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि जुन्या मंडळींशी त्यांचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. माझ्या मते या वादात ताटलीच जिंकायला हवी होती, आणि पुढे झालंही तसंच.

पण मला सगळ्यात आवडतो तो फ्रँक सॉयर. 1906 साली जन्मलेला हा माणूस एव्हन नदीचा राखणदार होता. नदीतलं वाढलेलं गवत कापायचं, गाळ काढायचा, मासे-किडे कसे आहेत ते बघायचं, हेच त्याचं काम. रोज त्याच पाण्याकडे बघून बघून गॅमरस कसा दिसतो, कसा हलतो हे त्याला पाठच झालं होतं. त्याने नकली गॅमरस बनवायचं ठरवलं. दोन अडचणी होत्या. एक म्हणजे, गॅमरस तळाशी राहतो, तेव्हा नकली गॅमरसही बुडायला हवा. सॉयरने दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार वापरली. तार गुंडाळली की बांधणंही झालं आणि वजनही आलं.

दुसरी अडचण रंगाची. कोरडा असताना बरोबर दिसणारा रंग ओला झाल्यावर पार बदलतो. शाळेच्या शर्टावर पाणी सांडून बघा, कळेल. सॉयरला हवा तो रंग सापडला मोजे रफू करायच्या लोकरीत! चॅडविक कंपनीची, 477 क्रमांकाची लोकर. सुकी असताना राखाडी-बदामी, पण भिजली की तिच्यात हलकी गुलाबी झाक येते आणि खालची तांब्याची तार मंद चमकते. गळ, तार आणि लोकर. बस्स! पाय नाहीत, डोळे नाहीत, मिशा नाहीत. तरी मासे फसतात, कारण आकार, वजन आणि ओला रंग बरोबर आहे. पुढे कारखान्याने ती लोकर बनवणं बंद केलं. तेव्हापासून हौशी लोक जुन्या शिवणपेट्यांमध्ये 477 ची पुठ्ठ्यावर गुंडाळलेली लडी शोधतात आणि मिळाली तर भरपूर पैसे मोजतात. रफूच्या लोकरीला!

गुलाबी झाक का लागते, हे तुम्हाला आता सांगता येईल. मेलेल्या गॅमरसचा रंगही चिंबोरीसारखाच बदलतो. कवचातली मूठ सुटते आणि तो गुलाबी-केशरी दिसू लागतो. हा झाला रंग दुसऱ्यांदा.

तिसरी वेळ जरा अंगावर काटा आणणारी आहे.

नदीत कधीकधी असा गॅमरस दिसतो, ज्याच्या पाठीच्या आत एक भडक केशरी ठिपका असतो. हा ठिपका त्याचा नाही. तो त्याच्या पोटात राहणारा दुसराच जीव आहे. एका काटेरी डोक्याच्या जंताचं पिल्लू! या जंताची अंडी गॅमरसच्या खाण्यात जातात आणि पिल्लू त्याच्या अंगात वाढतं. पण जंताला मोठं व्हायचं तर माशाच्या आतड्यातच पोचावं लागतं. आता गॅमरसच्या पोटातून माशाच्या पोटात जायचं कसं? वाट एकच: माशाने हा गॅमरस खाल्ला पाहिजे.

निरोगी गॅमरस उजेड टाळतो, दगडाखाली दडून राहतो, माशाचा वास आला की आणखी लपतो. जंत असलेला गॅमरस मात्र उजेडाकडे जातो! लपण्याऐवजी उघड्यावर येतो, प्रवाहाबरोबर वाहत सुटतो. प्रयोगात तर असे गॅमरस माशाच्या वासाकडेच सरकताना दिसले. आणि वर तो केशरी ठिपका पारदर्शक कवचातून चमकत असतो, जणू दुकानावरची पाटी. संशोधकांनी निरोगी गॅमरसवर केशरी ठिपका रंगवून पाहिला, तर माशांनी त्यांनाही जास्त टिपलं. म्हणजे ठिपका आणि वागणं, दोन्ही जंताच्या फायद्याचं. स्वतःला ना डोळे, ना हातपाय, तरी हा जंत दुसऱ्याला आपल्या मुक्कामापर्यंत चालवत नेतो.

नकली गॅमरस बनवणारे लोक हे केव्हाच शिकलेत. ते राखाडी लोकरीच्या मधोमध केशरी दोऱ्याचा एक वेढा देतात.

गॅमरसच्या बाकीच्या भाऊबंदांपैकी दोघांविषयी सांगायलाच हवं. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला छोटा शेवंडच. तो घाबरला की शेपटी पोटाशी झटकन मुडपतो आणि उलटा, मागे मागे पळतो. म्हणून नकली क्रेफिश गळावर उलटा बांधतात. दोरी शेपटीकडे आणि नांग्या मागे! दोरी ओढली की तो अगदी खऱ्यासारखा मागे पळतो. आणि डाफ्निया, म्हणजे पाणपिसू, मोहरीच्या दाण्याएवढासुद्धा नसतो. तळ्यात त्यांचे ढगच्या ढग असतात. एवढा लहान नकली प्राणी कुठल्या गळावर बांधणार? तेव्हा मोठ्या जलाशयांवरची मंडळी तो नाद सोडून भडक केशरी रंगाचा गोंडाच टाकतात, आणि डाफ्निया खात फिरणारा ट्राउट कितीदा तरी त्याच्यावर झेप घेतो.

आता शेवटची गोष्ट, केनेट नदीची. जुलै 2013 मध्ये मार्लबरो गावाखाली नेहमीच्या पाहणीला गेलेल्या लोकांना गॅमरस मेलेले आणि मरायला टेकलेले दिसले. पाण्यातले किडेही मेले होते. पाणी मात्र दिसायला पूर्वीसारखंच नितळ! तपासात कळलं, की क्लोरपायरिफॉस नावाचं कीटकनाशक गावच्या सांडपाण्यातून नदीत आलं होतं. ते अगदी थोडं होतं, तरी सुमारे 15 किलोमीटरच्या पट्ट्यातले गॅमरस आणि किडे नाहीसे झाले. हेच औषध आपल्याकडेही पिकांवर आणि घरातल्या वाळवीवर मारलं जातं. ते बनवलंय किड्यांसाठी, पण कवचधारी प्राणी किड्यांचे जवळचे नातलग, त्यामुळे त्यांच्या नसांवरही तोच परिणाम होतो. ट्राउट वाचले, पण त्यांचं ताट रिकामं झालं.

हे लगेच लक्षात कसं आलं? कारण गळ टाकणारी माणसंच तिथे गॅमरस मोजतात. ब्रिटनमधल्या शेकडो ठिकाणी हे स्वयंसेवक ठरलेल्या दिवशी नदीत उतरतात. तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा, खालच्या अंगाला जाळी धरायची, मग एक मिनिट हाताने दगड उलटून बघायचे. जाळीतलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि आठ प्रकारचे जीव मोजायचे. त्यातले सात प्रकार किड्यांचे. आठवा आपला गॅमरस. मोजून झालं की आकडे वहीत लिहायचे आणि ट्रेमधलं सगळं, तो आडवा पोहणारा गॅमरससुद्धा, जिथून घेतलं तिथेच परत सोडायचं.